चुलीपाशी केलेली सही

वेस्ट ॲल्डर, मॅसॅच्युसेट्स
१२ फेब्रुवारी १७९४

आदरणीय विदरेलसाहेब,

आपण विधिमंडळासाठी बॉस्टनला असताना आज न्यायालयात जॅरेड पिकेट यांचं मृत्युपत्र वाचलं गेलं. घर आणि शेत बायकोला, म्हणजे टॅबिथाबाईंना. तिन्ही साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्याच्या नजरेसमोर सही करावी, हा कायदा आपणच मंजूर करवून घेतलेला. तिसरा साक्षीदार मी. मृत्युपत्र झालं त्या दिवशी आजारी जॅरेड यांच्या खोलीत थंडीने शाई गोठली, म्हणून मी सहीसाठी स्वयंपाकघरात, त्यांच्या खाटेवरून दारातून दिसणाऱ्या चुलीपाशी गेलो. "दार लाव रे, ऊब जातेय," टॅबिथाबाई म्हणाल्या. मी लावलं आणि मग सही केली.

शाईची गोष्ट जॅरेड यांच्या पुतण्याला कुठूनतरी कळली होती. शेत त्याला हवं होतं, आणि त्यासाठी मृत्युपत्र रद्द व्हायला हवं होतं. "काय कारकून, काकाला भिंतीतून दिसत होतं का रे?" त्याने विचारलं, आणि सगळे हसले. न्यायाधीशांनी मला शपथ देऊन विचारलं, "दार उघडं होतं?"

टॅबिथाबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. मी म्हणालो, "उघडं होतं."

शेत त्यांना मिळालं. हे पत्र आपल्या हाती पडलं, तर आपण त्याच दिवशी न्यायाधीशांना कळवाल. आपण तसेच आहात, म्हणून तर मी आपल्याकडे कायदा शिकायला आलो. पत्र दोनदा तपासलं आहे. टपालात टाकणार नाही.

आपला आज्ञाधारक,
अझेल