दारापाशी मोडलेलं स्वप्न

दस्मान, कुवेत
४ नोव्हेंबर १९६०

प्रिय कुबरा,

तुझ्या तीन पत्रांना एकही उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. कागद होता, वेळही होता. कुठल्या तोंडाने लिहावं, तेच कळेना.

तुला आलेलं रियाजचं स्थळ मी मोडलं तेव्हा तुला विचारलंसुद्धा नाही. मी इस्तिखाऱ्याची नमाज पढून झोपलो होतो. स्वप्नात दिसेल तो कौल, ही आपल्याकडची रीत. वाहतं पाणी दिसलं, पलीकडे बाग, बागेला बंद दार. तिथला काठीवाला म्हातारा म्हणाला, परत जा. उठल्या उठल्या मी नकार कळवला. तुझी आई म्हणाली, स्वप्न तुम्ही पाहिलंत, संसार तिला करायचाय. मी तिच्यावरच ओरडलो.

इथे मी ज्यांच्या घरी स्वयंपाक करतो, त्या थोरल्या मालकांना दिसत नाही. श्रीवर्धनचा यूसुफ दुपारी त्यांना जुन्या किताबा वाचून दाखवतो. परवा मी कहवा घेऊन गेलो, तर तो मला वाचत होता त्या कवनाचा अर्थ सांगू लागला. शायर झोपतो, त्याला स्वप्न पडतं. वाहतं पाणी, बाग, बंद दार, काठीवाला म्हातारा. म्हटलं, अरे, माझं स्वप्न यात कुणी लिहिलं? यूसुफ हसत सुटला. चाचा, सातशे वर्षांपूर्वी तुम्ही होतात का? म्हणाला, तेव्हाच्या शायरांचा रिवाजच तो. अरब, इराणी, पार फिरंगीसुद्धा कवनात असेच झोपायचे आणि बागेत पोचायचे. एकाची बाग दुसरा घ्यायचा, त्याला चोरी कुणी म्हणत नसे.

मग आठवलं. माझे आजोबा जाळं विणताना असंच कवन म्हणायचे. माझी शाळा चौथीत सुटली, पण ते कवन डोक्यात राहिलं असणार आणि तेच स्वप्नात आलं असणार. पुढे काय होतं ते मात्र मी विसरलो होतो. कवनातला तो म्हातारा आधी परतच पाठवतो गं. शायर हटत नाही, तेव्हा दार उघडतो. मी मधेच जागा झालो आणि तेवढ्यावर तुझं ठरवून मोकळा झालो. आता वाटतं, तो कौल नव्हताच. लगेच वाटतं, असलाच तर?

नुकताच गावाहून आलेला गफूर सांगतो, रियाजचं अजून कुठे जमलेलं नाही. त्याच्या वडिलांना माफीचं पत्र लिहून ठेवलंय, टाकलेलं नाही. या वेळी झोपेत कौल मागणार नाही, तुलाच विचारतो. तुला तो हवाय का? मन उडालं असेल तर तसं लिही, मी सोसेन. पण रमजान लागायच्या आत दोन ओळी धाड, पोरी.

तुझाच,
बाबा