धान उभं असताना कापणीचा सण

सिहोरा,
ता. १२ नोव्हेंबर १९८१

माह्या लाडक्या भोजराजले आजीचा सलाम. प्रभूची दया तुह्या डोक्यावर राहो. मी बरी आहे. गुडघा दुखते, पण तो काही आजचा नाही. बकरीले दोन पिल्लं झाली. एक तर अशी उधळते का काल चर्चच्या पायरीवर चढून बसली. सुलोचनाबाई म्हणे, "चला, मंडळीत एक वाढली." मी हसली, मंग तुही आठवण आली.

नागपूरले मामाच्या घरी नीट जेवते ना? थंडी पडून राहिली आणि तुहा स्वेटर इथंच खुंटीले आहे.

रागावू नको, पण त्या ऐतवारचं मले अजून हसू येते. कापणीचा सण म्हणून तू मांडव टाकला, सारा गाव जेवल एवढा भात शिजवला, आणि धान तर वावरात, बांधीत उभंच. शहरातल्या चर्चात बाजारातले भोपळे आणून मांडतात, तिथं कोणतीही तारीख चालते. इथं उशिरा पिकणाऱ्या भारी धानाले नुकता विळा लागला होता, त्यात सकाळी आभाळ आलं. कापलेलं धान भिजू देऊन कोण येईल रे गाणे म्हणायले? मलेही सुचलं नाही. मी मांडव पाहूनच हरखली होती.

सतरंजीवर मी, सुलोचनाबाई आणि बहिरा धनीराम. तू उपासना कशीबशी आटोपली आणि दुपारच्या गाडीनं निघून गेला. आता तू पत्रात लिहिते का पाळकपण सोडतो, कारकून होतो. ते मी दोनदा वाचलं आणि भाजी निवडत बसली.

पण संध्याकाळचं तुले ठाऊकच नाही. दिवस बुडता बुडता रुखमा आली. केसात धानाची कुसं, डोक्यावर नव्या धानाची पेंढी. मागं तेजराम आणि बांधीतून सुटलेले बाकी सारे मजूर. त्यातलं कोणी आपल्या मंडळीतलं नाही. रुखमा पुसते, "पाळकबाबा कुठं आहेत? सासू गेली तवा माह्या अंगणात तेच बसून होते. त्यायचा सण, मी काहून नाही येणार?"

मी म्हटलं, भंडाऱ्याले कामानं गेले. देव माफ करो. मंग गाणं मीच म्हटलं. माहा आवाज तुले माहीत आहे, तेजराम हसून हसून आडवा झाला. भाताचं एक शीत उरलं नाही.

हे सारे ख्रिस्ती होतील असं मी म्हणत नाही. तेजराम भातासाठीच आला होता, त्यानंच सांगितलं. पुढल्या वर्षीही ऐतवारी आपण तेवढेच राहू, नाहीतर एखादा कमी, धनीराम म्हातारा झाला. तुले मोठ्या मंडळीची हौस होती बाबा, देवानं सिहोरा दिलं. पण त्या संध्याकाळी मले एवढा आनंद झाला का घरी येऊन एकटीच हसत होती.

मळणी झाली का सण पुन्हा करायचा ठरला. तारीख रुखमा सांगणार. तू येशील असं मी तिले बोलून बसली. कारकूनच व्हायचं असल तर हो, मी अडवत नाही. पण मंग स्वतः येऊन रुखमाले सांग. ते माह्या तोंडून निघणार नाही.

तुह्या एवढ्याशा मंडळीतली एक,
शकुनआजी