यांचे अश्रू कोणत्या पानाचे?

८ जानेवारी, बुधवार

आजही हे रडले! पुन्हा त्याच जागी — बाप लेकीला शाळेच्या दारात सोडतो आणि मागे न बघता घोडागाडीत बसतो, तिथे.

पक्षाघाताचा झटका आल्याला चार महिने झाले. यांच्या तोंडून शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, माणसं ओळखतात की नाही, सांगता येत नाही. म्हणून रोज चार वाजता माझी शाळेतली जुनी इंग्रजी कादंबरी मराठी करत वाचून दाखवते. नायिका मेली तेव्हा हे भिंतीकडे बघत होते. आणि इथे धारा!

राजदीपचा फोन. "आई, बाबा ओळखतच नसतील तर नागपूरच्या शुश्रूषा केंद्रात ठेवू. रविवारी येतो, तेव्हा बघतो अन् ठरवतो."

मुलगाच तो. पण "ठरवतो" म्हणाला.

९ जानेवारी, गुरुवार

कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीच्या सिस्टरनी शिकवलं होतं — तो बाप म्हणजे दगड. मी तसंच लिहिलं, पैकीच्या पैकी मार्क! आता त्रेसष्टाव्या वर्षी वाटतं, डोळे भरले म्हणूनच वळला नसेल. यांनीही राजदीपला सहा वर्षांचा असताना वसतिगृहात असंच सोडलं होतं. मी आठवडाभर बोलले नव्हते. त्याचं रडू असेल? म्हणजे गोष्ट कळते यांना!

१० जानेवारी, शुक्रवार

नाही, जुळत नाही. तेवढा उतारा मी इंग्रजीतच म्हणते. सिस्टरनी पाठ करून घेतलेला, त्याचं मराठी करायला जीभ वळत नाही. आणि यांचं इंग्रजी सहीपुरतं! वनरक्षकाची नोकरी, सगळी एटापल्लीच्या जंगलात. मग रडतात कशाला?

११ जानेवारी, शनिवार

धुरपताला विचारलं. एटापल्लीकडचीच ती, यांचं अंघोळ-खाणं बघते, यांना भाऊ म्हणते. तांदूळ निवडता निवडता हसलीच.

"बाई, एवढ्या शिकल्या तुमी, न् गोष्टीतच काऊन शोधून राह्यल्या?"

"मग कुठे शोधू?"

"बाकी टाइम तुमचं तोंड पुस्तकात. भाऊले नुसता पुठ्ठा दिसते. ते इंग्रजी आलं का तुमी चष्मा काढता, त्याईच्या डोळ्यात पाहून बोलता."

खरंच की! सिस्टरचा नियम — पाठ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं.

"पण त्यात दुःख कसलं गं?"

"दुःख नाई जी! आमच्याकडं बाया लई दिवसानं भेटल्या का गळ्यात पडून रडतेत. तो आमचा जोहार, भेटीचा रामराम असते. भाऊ आमच्यात वीस वर्षं राह्यले न्!"

जोहार! आणि मी बापाचा पश्चात्ताप शोधत बसले. पण तिचं तरी खरं कशावरून? माझी गोष्ट मला बरी वाटते, तिची तिला.

१२ जानेवारी, रविवार

पुस्तक उघडलं नाही. चार वाजता चष्मा काढून नुसती यांच्यासमोर बसले. राजदीप दारात उभा होता.

हे रडले.

केंद्राचं नाव राजदीपने काढलं नाही. मी मात्र बसल्या जागी विचार करते आहे — हे जंगलातून महिन्या-महिन्याने घरी यायचे, तेव्हा मी वाचत असायची. मान वर केली होती का कधी?

आठवत नाही.