छत्तीस आऱ्यांची चाकं आणि वरचे ब्याऐंशी किलो

मखमलाबाद, नाशिक
भाद्रपद शुद्ध द्वादशी

तीर्थरूप दादास, धाकट्या प्रतिभाचा नमस्कार. एसटीच्या पार्सलने आलेल्या मालाची पोच आधी देते: जुनी पण भक्कम चाकं दोन, प्रत्येकी छत्तीस आऱ्यांची; जाड टायर दोन; सुटे आरे चार. तुझे तीन हजार आठशे, पार्सलचे एकशे चाळीस. (हमालाचे काही नाहीत, मीच उचलली.) पोच द्यायला दीड महिना लागला, त्याचं कारण पुढे आहे. सुवर्णावहिनींचा गुडघा कसा आहे? इथे सगळे सुखरूप. सगळे म्हणजे नक्की किती जण, तेच विचारायला हे पत्र. फोनवर बोलले की हे ऐकतात.

तुला ठाऊकच आहे, डॉक्टरांनी ह्यांना बजावलं होतं की एकशे आठ किलो आणि ही रक्तातली साखर घेऊन पुढची दिवाळी दिसायची नाही. चालायला गुडघे नाहीत म्हणून सायकल आणली, ती रेसची, वीस आऱ्यांच्या नाजूक चाकांची. (दुकानदाराने ह्यांच्याकडे एकदा नीट बघायला नको का?) दिंडोरी रस्त्याचा चढ लागला की मागच्या चाकाचा आरा टणकन तुटायचा, रिम वाकडी होऊन ब्रेकला घासायची, आणि हे टोमॅटोच्या क्रेटांबरोबर टेम्पोतून घरी. तीनदा झालं. तिसऱ्यांदा ह्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि शेवेचा डबा मांडीवर घेतला, तेव्हा मी तुझ्या दुकानात फोन केला. तू म्हणालास, जड माणसाला आरे जास्त लागतात, रिम दुहेरी भिंतीची लागते, आणि चाक हाताने बांधून प्रत्येक आरा सारखा ताणलेला लागतो. तशीच एका गिऱ्हाइकाची पडून आहेत, फार वापरलेली नाहीत. का वापरली नाहीत ते मी विचारलं नाही. भाव ऐकला आणि पाठव म्हटलं.

तुझ्या कामाला नाव ठेवणार नाही. दीड महिन्यात एकही आरा तुटला नाही. पण दुसऱ्याच रविवारी हे घरी येऊन म्हणाले, "आम्ही चहाला थांबलो होतो." आम्ही कोण? एकटे तर गेले होते. विचारलं तर म्हणाले, सवयीने बोललो. मग बाजारात सगुणाबाई भेटली. (तिची चहाची टपरी दिंडोरी रस्त्यालाच, चढाच्या पायथ्याशी.) म्हणाली, "ताई, मालक दोन चहा सांगतात, पितात एकच. पण ग्लास दोन्ही रिकामे मिळत्यात. मला काय करायचं म्हणा. पैसे दोन्हीचे घेऊ ना?"

झेंडूचे क्रेट तोलायचा आपला मोठा काटा शेडमध्ये आहे. त्यावर मी ह्यांना रोज उभं करते आणि वहीत लिहिते. त्या दिवशी म्हटलं, सायकलवर बसूनच या, मी हँडल धरते. हे एकशे चार, सायकल तेरा, म्हणजे एकशे सतरा व्हायला हवेत. काट्याने एकशे नव्याण्णव दाखवले. ब्याऐंशी किलो वरचे! झेंडूचा क्रेट ठेवून पाहिला, काटा बरोबर. जुनी चाकं लावून पाहिली, एकशे सतरा. तुझी लावली, पुन्हा एकशे नव्याण्णव. हे उतरले तेव्हा एकशे चार झटकन कमी झाले. बाकीचे ब्याऐंशी सावकाश उतरले, दादा, गुडघा धरून माणूस उतरतो तसे.

चाकाच्या मधल्या हबला अंगारा लावला, गोमूत्र शिंपडलं. (गंज नको म्हणून नंतर पुसलं.) गणपती बसलेत तेव्हापासून सकाळच्या आरतीला ओसरीवर मागचं चाक आपोआप फिरतं, टिक टिक टिक, आणि आरती संपली की थांबतं. मध्येच थांबत नाही, हे खरं तर बरंच म्हणायचं. पण परक्या माणसाला असं दर रविवारी घरात घ्यायचं म्हणजे काय? तेव्हा चाकं परत घे. पार्सलचे पैसे मी सोसते.

तुझी,
प्रतिभा

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते आज दुपारी पुन्हा फोडलं. रविवार नसूनही सकाळी हे साखर उतरायची गोळी घेऊन, काही न खाता सायकलवर निघाले. चढ संपवून परत वळले तोच घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधार आला, हात सुटले. पुढचं ह्यांना आठवत नाही. सगुणाबाई सांगते, उतारावरून सायकल सरळ, अगदी बेताने आली. ह्यांची मान खाली, हात लोंबत होते, आणि मागचा ब्रेक दाबलेला होता. टपरीपुढे कोणी पाय टेकवावा तशी थांबली आणि तिने ह्यांना धरेपर्यंत पडली नाही. तिने तोंडात साखर घातली. आता घरी आहेत, माझी बोलणी खात आहेत.

ता. क. २. चाकं परत पाठवत नाही. ज्या गिऱ्हाइकाची होती त्यांच्या घरच्या बाईंकडे जाऊन गेलेल्यांचं नाव आणि तिथी विचार. पितृपक्ष आलाच आहे, आमच्या पानाशेजारी त्यांचंही पान वाढीन. दुपारी काट्यावर पुन्हा पाहिलं: हे एकशे एक, आणि वरचे एकोणऐंशी. तेही तीन किलो उतरलेत, बाईंना सांग, बरं वाटेल. आणि चहा साखरेचा घ्यायचे की बिनसाखरेचा, तेवढं आठवणीने विचारून उलट टपाली कळव. सगुणाबाई दोन दोन चमचे घालते, आणि रविवार तीन दिवसांवर आला.