एकेचाळीस नावं आणि एक पांढरी पट्टी

३ मार्च २००७
दाजींच्या फौंड्रीच्या साइटची रँक शून्य. परवापर्यंत दहापैकी चार होती. ब्राउझरवरची रँक दाखवणारी हिरवी पट्टी पार पांढरी. कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. तशीच. सर्चमध्ये शोधलं तर सातव्या पानावर. दाजींना सांगितलं नाही.

५ मार्च
सांगावं लागलं. त्यांचाच फोन. 'चार दिस झालं, भायेरच्या देशातनं एक मेल न्हाय. नेट बंद हाय काय रं बसू?'
या साइटच्या जोरावर त्यांनी दुसरी भट्टी घातली. अक्का तयार झाली ती भावाच्या, माझ्या शब्दावर. म्हणाली, 'आपला बसू बघतोय न्हवं, मग काळजी न्हाय.' आज जेवण गेलं नाही.

८ मार्च
कारण सापडलं. इंग्रजी फोरम वाचून डोळ्यांची वाट. कुणी आपली लिंक दिली की सर्चवाले ते त्याचं मत धरतात. मत देणारी साइट जेवढी वजनदार, तेवढी पट्टी भरते. पण आपसात वाटून घेतलेली मतं दिसली की सगळ्यांनाच खाली ढकलतात.
आणि मी? तीन वर्षांत एकेचाळीस साइट केल्या, सगळे पाहुणे नि ओळखीचे. प्रत्येकीवर 'आमचे स्नेही', खाली उरलेली चाळीस नावं. एखादं राहिलं तर रुसवा, म्हणून लग्नपत्रिकेसारखी छापत गेलो. गाढव मी, दुसरं काय.

११ मार्च
नावं काढतोय. शाहूपुरीचे टायरवाले पाटील माझ्या ऑफिसला येऊन उभे. 'आमचं नाव का पुसलंस?' मतांचं वजन समजावलं.
'म्हंजे आमच्या नावाला वजन न्हाय म्हण की!'
चहा न घेता गेले. जयसिंगपूरचे मामा फोन उचलत नाहीत.

१९ मार्च
पांढरीच. पुन्हा तपासा म्हणून सर्चवाल्यांना दोन अर्ज केले. उत्तर नाही. तिकडं माणूस बसतो की नाही, देव जाणे. दुसरी भट्टी आठवड्यातले तीन दिवस बंद. अक्का फोनवर फक्त 'जेवलास का' विचारते. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२४ मार्च
एक लिंक राहिलीच होती. प्रत्येक साइटच्या प्रत्येक पानाच्या तळाशी माझं स्वतःचं नाव. सगळ्यांना बांधणारी गाठ तीच. सकाळी दाजींच्या साइटवरून काढलं. तासाभरात फोन.
'तुझं नाव दिसंना. अक्काशी भांडलास व्हय?'
'दाजी, माझ्यामुळंच तर तुमचं...'
'भट्टी बंद पडली तर पडू दे. मेव्हण्याचं नाव पुसून धंदा करायचा न्हाय मला. आत्ताच्या आत्ता परत घाल.'
फाइल उघडून बसलोय. घातलं तर त्यांचं बुडणार, नाही घातलं तर... अक्काला विचारावं म्हटलं. पण दाजी फोन ठेवत होते तेव्हा मागून तिचाच आवाज आला, 'घालतो म्हणाला का?'