एकदा बघायला हरकत नाही

४ मार्च
आले एकदाची! ताईनं स्टेशनवरच घट्ट मिठी मारली, भाऊजींनी बॅग उचलून दगड भरलेत का म्हणून चिडवलं. आईच्या माघारी ताईनंच मला वाढवलं, आता राहणंही तिच्याकडेच. नोकरी तर अशी की मैत्रिणी जळून खाक होतील. प्रदर्शनाआधी सिनेमे बघायचे, तारे द्यायचे, वर पगार! खोली छोटी, खुर्च्या मऊ, एसी मात्र बोचरा. आजचा नट सारखा शिडीवर चढून भाव खात होता. दीड तारा. साफ पडणार, असं लिहून मोकळी झाले.

६ मार्च
तो नट खरोखरच शिडीवरून पडला. गेला. प्रोजेक्टर चालवणारे काका म्हणाले, इथे मत जपून द्यायचं, लिहिलेलं लागतं. मी हसण्यावारी नेलं. आजची नटी फार गोड. साडेचार तारे. धो धो चालणार!

९ मार्च
ती नटी परवा घरातून चालत निघालीय आणि थांबतच नाही. तळपाय सोलवटलेत. धरून ठेवलं तरी पाय चालूच. मला भीती वाटतेय. साहेबांना म्हटलं, नको ही नोकरी. ते म्हणाले, उद्याचा एक संपवा, मग खुशाल जा.

१० मार्च
पडद्यावर ताई. आमचंच स्वयंपाकघर, तिचा निळा गाऊन. मध्येच माझ्याकडे बघून हसली. दार बाहेरून बंद. काका पलीकडून विनवत होते, मत द्या, नाहीतर सिनेमा डब्यात जातो.
डब्यात! पडणार नको. चालणार नको. शेवटी सगळे म्हणतात तेच लिहिलं, कुणाला न लागणारं. तीन तारे. एकदा बघायला हरकत नाही.
दार उघडलं. सुटलो गं ताई.

१० मार्च, संध्याकाळ
बसमध्ये उमगलं, काय लिहून बसले. एकदा —
घरात मान खाली घालूनच शिरले. थेट बाथरूममध्ये, आतून कडी लावलीय. भाऊजी आले, ताईशी बोलले, बूट काढायला वाकले असणार — आता घरभर तिला शोधतायत. ती तिथेच उभी राहून रडतेय. त्यांना दिसत नाही. ऐकूही येत नाही.
मी अजून बघितलेलं नाही. मला अजून ऐकू येतंय —

दार वाजवतेय. म्हणतेय, निदान तू तरी बघ गं माझ्याकडे —

कडी काढली. राहवेना. डोळे वहीत, फक्त वहीत. हनुवटी धरलीय तिनं. हात तोच, ऊबदार. नको ताई, वर नाही बघणार, इथेच लिहीत बसते, तू बोलत राहा, तू नुसती — वहीवर तिचं बोट दिस