दुधानंतर झालं

प्रिय,

पुढे नाव लिहवत नाही, आणि ‘अहो’ म्हणायची सवय तुझ्या घरीच राहिली. तेव्हा नुसतं ‘प्रिय’ चालवून घे. तेवढं खोटं तुला पचेल. याहून मोठी तू पचवली आहेस.

काल तुझ्या ताईचा, माझ्या एके काळच्या वन्संचा, फोन आला. तुझं सायनस पार भरलंय, नाकात मांस वाढलंय, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे म्हणे. डोळ्यांमागे इतकं ठणकतं की उजेड सोसत नाही, पेपरसुद्धा आपली चिमी वाचून दाखवते. ऐकून मला बरं वाटलं. ठणकण्याबद्दल म्हणतेय मी.

मग वन्सं मुद्द्यावर आल्या. कुठल्या औषधाचं वावडं आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि तू नाही म्हणालास. त्यांना मात्र तो पेला आठवला. तेव्हा दुधात काय कालवलं होतंस ते आता तरी सांग, डॉक्टरांच्या कानावर घालते, असं म्हणाल्या. माझ्या विषाची इतक्या आस्थेने चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

ती दुपार तू विसरला नसशील. पोहण्याच्या तलावावरून आलास तो कपाळ दाबतच. मी दूध गरम केलं. तू शर्टाच्या खिशातून अंगदुखीची गोळी काढलीस आणि त्याच दुधाबरोबर घेतलीस. थोड्या वेळाने डोळे लाल, नाक धो धो, छातीत शिट्टी वाजायला लागली, ओठ निळे पडले. मी अनवाणी गाडी शोधायला धावले. दवाखान्यात श्वास परत आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काही गोळी घेतली होती का? तू नाही म्हणालास, आणि वर म्हणालास, दुधानंतर झालं. वन्संनी तो पेला न विसळता पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवला, भाजीच्या कप्प्यात. मी धुवायच्या शर्टातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली, तर तू माझ्या डोळ्यांत बघून ती जुनी असल्याचं सांगितलंस. गोळीवरून तुझा लपवलेला दमा उघडा पडला असता, तर तुझ्याकडे पोहायला शिकायला पोरं कुणी पाठवली असती? तुझी नोकरी वाचली. मी गेले. चिमी तुझ्याकडे राहिली, कारण विष घालणाऱ्या बाईकडे लेक कोण ठेवील.

आता मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. आमच्या डॉक्टरीणबाई दुखण्यावरची गोळी लिहून देण्याआधी विचारतात, दमा आहे का, नाकात मांस वाढलंय का. एकदा मी कारण विचारलं. ही दोन्ही दुखणी असलेल्या काहींचा ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी श्वास कोंडतो, म्हणाल्या. मी तिथेच ढसाढसा रडले. एका आजोबांना वाटलं, माझीच दाढ काढली.

त्यानंतर चिमी एकदा मला भेटायला आली. गोड बोलली. मी सरबत पुढे केलं, तर तिने पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली. मी तिच्यादेखत तिच्या पेल्यातलं अर्धं पिऊन दाखवलं. तरी तिने हात लावला नाही. तुझ्यावर मी थुंकायलाही आले नसते, पण त्या बाटलीचं मी विसरणार नाही.

ऑपरेशननंतर नाक, गाल, कपाळ सगळं ठणकेल. त्यावर काय चालेल ते डॉक्टर सांगतील. बहुतेक साधं पॅरासिटामॉल देतील. ती अंगदुखीची गोळी घरी तू गुपचूप टाळत आला असशील. पण भूल दिल्यावर त्याच जातीचं औषध सुईतून दिलं, तर हात आडवा कसा घालशील? मी गप्प बसावं, असं माझ्या मनात आलं होतं. भाजी चिरताना आलं, बसमध्ये आलं, अगदी सविस्तर आलं. पण तू मेलास तर खरं सांगणारं कुणी उरणार नाही. तेवढ्यासाठी तू जगायला हवास.

वन्संना मी यातलं काही सांगितलं नाही. त्याला पत्रच लिहिते, एवढंच म्हणाले. कारण हे पत्र तू वाचत नाहीयेस, ऐकतो आहेस. चिमे, थांबू नकोस, थोडंच राहिलंय. आता कागद खाली घे आणि बाबांच्या तोंडाकडे बघ. बघून झालं की डॉक्टरांना त्या गोळीचं सांग, बाबांच्याने ते होणार नाही. आणि पुन्हा कधी आलीस, तर बाटली आणलीस तरी चालेल.

तुझीच,
आई